आधी लिंब, मग कचेरी

मे महिन्यातला एक शनिवार, सकाळचे अकरा. हजर: माझे मामेसासरे, मामी, मी, चुन्याच्या फक्कीची गोणी आणि पाण्याचा जार. जागा: जालन्याबाहेर अंबड रस्त्यालगतचं मोकळं रान. सगळ्या सरकारी कचेऱ्या इथं एका बागेत बसवायच्या होत्या.

कचेरी साहेबांसाठी नव्हे, बाहेर ताटकळणाऱ्यांसाठी बांधायची असते, असं मानणारा नकाशेवाला अख्ख्या जिल्ह्यात एकच, आमचे मामा. जन्मभर त्यांनी जुन्या जालन्यातल्या दुकानांचे नकाशे काढले. म्हातारपणी हे काम हाती आलं आणि ते तरुण झाले. पेन्सिल उचलण्याआधी महिनाभर ते जुन्या तहसीलसमोर नुसते बसले. कोण कुठं टेकतं, भाकरी कुठं सोडतं, ऊन आलं की कुठं सरकतं, एवढंच बघायचे. शिपायाला वाटलं, यांचं काम अडलंय; त्यानं कळवळून चहा पाजला. मामांनी त्याचीही नोंद घेतली आणि नव्या नकाशात शिपायाच्या स्टुलाशेजारी चिंच दाखवली.

कागदावर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून त्या शनिवारी त्यांनी फक्कीनं अख्खं तहसील जमिनीवर आखलं आणि आम्हाला त्यातून फिरवलं. मी जवळच्या वाटेनं निघाले तर ओरडले, "सूनबाई, भिंतीतून चालून राह्यली तू! दारातून ये." मग मामींना एका पांढऱ्या ठिपक्यावर बसवलं. "इथं लिंब येतो. बघ, खिडकी दिसते का."

"अहो, तुमचा लिंब यीस्तोवर माझं टाळकं तापून राह्यलं! आन् खिडकी कुठंय?"

"येईल ना."

"मंग मी बी तवाच येते," म्हणत मामी उठल्या आणि रिक्षात जाऊन बसल्या.

मामांचा हट्ट एकच: आधी कडुलिंब लावा, कचेऱ्या मागून. "भिंत वर्षात उभी राह्यते. लिंबाला सात पावसाळे लागतात. मंग आधी कोण?" बैठकीत सगळ्यांनी "बराबर, बिलकुल बराबर" म्हणत माना हलवल्या आणि ठरवलं नेमकं उलटं. इमारती आधी, बाग दुसऱ्या टप्प्यात. दुसरा टप्पा अजून आलेला नाही. त्यात कंत्राटदाराच्या माणसांना मामांच्या नकाशातले लिंबांचे ठिपके दिव्यांच्या खांबांचे वाटले. त्यांनी तिथं खड्डे घेतले, काँक्रीट ओतलं, खांब रोवले आणि भोवती फरशी घातली. आम्हाला वाटलं, मामा आता रान उठवतील. ते खांबाखांबातून सावकाश चालत गेले आणि एवढंच म्हणाले, "अंतर बराबर ठेवलं त्यांनी."

दिवाळीपासून मामा अंथरुणावर आहेत. डावं अंग गेलंय, बोलणं जड झालंय. इमारत कशी झाली, रंग कोणता, उद्घाटनाला कोण आलं, काही विचारत नाहीत. परवा मी सातबाऱ्यासाठी निघाले तेव्हा मनगट धरून म्हणाले, "सूनबाई, लोकं कुठं बसून राह्यलेत? बघून ये बरं."

बघून आले. एकेका खांबाच्या काठीएवढ्या सावलीत माणसं एकामागे एक बसली होती. सावली सरकली की सगळी रांग ढुंगणावरच थोडी सरकायची. एक म्हातारी रांगेच्या टोकाला होती; तिच्यापर्यंत सावली पोचत नव्हती, तरी ती सगळ्यांबरोबर सरकत होती.

सातबारा मिळाला. दळण आणलं, गोळ्या आणल्या, मामींचा चष्मा नीट करून आणला. मामांना सांगायचं तेवढं राहिलंय.