नागम्माची राखण

सिद्रामप्पाची आणि नागम्माची पहिली भेट झाली, तेव्हा येडशीच्या डोंगरातली माकडंसुद्धा म्हणे झाडांवरून उतरून बघायला आली होती. टेम्पोचं फळकं पडलं आणि आतून आधी विजेच्या खांबाएवढी मान बाहेर आली. बाकीचा पक्षी बऱ्याच वेळानं. त्या इमूनं सिद्रामप्पाला वरून खाली न्याहाळलं आणि सलामीलाच त्याच्या सदऱ्याची पितळी बटणं, चुन्याची डबी आणि, तो सांगतो त्यावर विश्वास ठेवला तर, अर्धी मिशी गिळली.

"सासू अशीच बघायची," तो म्हणाला, आणि पाखराला सासूचं नाव देऊन मोकळा झाला.

सिद्रामप्पा मूळचा मुरुमचा. निम्मा जन्म मेंढरांमागं गेला. मेंढरं विकल्यावर तो भागवतरावांच्या पर्यटन केंद्रातल्या प्राणीबागेत लागला. बाग म्हणजे एक कंटाळलेला उंट, ससे, आणि इमू पाळायचं खूळ ओसरल्यावर कुणीतरी फुकट देऊन टाकलेली ही नागम्मा. ती सगळ्यांना लाथा घालायची. फक्त घोंगडं पांघरलेला सिद्रामप्पा दिसला की त्याच्या खांद्यावर मान टाकायची. चकाकणारं दिसेल ते गिळायची, म्हणून हा रोज सकाळी तिच्या कुंपणात रांगत बुचं आणि चॉकलेटचे कागद वेचायचा.

"माझी आई जिवंत होती तवा तिची चप्पल न्हाय उचलली कधी," दैवशाला, त्याची बायको, म्हणायची.

"ती कागद खात नव्हती."

खिळा गिळून नागम्मा एकदा मरता मरता वाचली होती. पुन्हा असलं काही पोटात गेलं तर आपल्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मग भागवतरावांच्या सूनबाई निकितानं हॅलोविन, म्हणजे भुतांची सोंगं घ्यायचा परदेशी सण, आणलं. दिवाळीच्या उरलेल्या आकाशकंदिलांना डोळे-दात चिकटवून भुतं तयार झाली. बाग बंद झाल्यावर पार्टी, तीही फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी.

"बारकी पोरं न्हाईत, बरं झालं," सिद्रामप्पा म्हणाला. "कागद कमी सांडतील."

"काका, तुम्ही नागम्माच्या फाटकापासून हलू नका," निकितानं सांगितलं.

"न्हाय हलत, ताईसाहेब."

अंधार पडला तशा गाड्यांतून चेटकिणी उतरल्या, मुंजे उतरले. सगळ्यांच्या बोटांत लुकलुकणाऱ्या अंगठ्या. त्या बघून सिद्रामप्पानं फाटकाला पाठच लावली. तेवढ्यात लातूरचा एक सांगाडा आला. खाऊनपिऊन सुखी सांगाडा. पोटावरच्या फासळ्या ताणून ताणून पुसट झालेल्या.

"मामा, ड्रेस लई भारी तुमचा. जरा द्या की, स्टेजवर जाऊन येतो."

"ड्रेस न्हाय साहेब, घोंगडं हाय."

"तेच म्हणतोय. गारठलोय मी."

गारठलेल्या माणसानं घोंगडं मागितलं आणि नाही म्हटलं, असं सिद्रामप्पाच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. रानात वाटसरूला घोंगडं देऊन बापानं रात्र शेकोटीशी काढलेली त्यानं पाहिली होती. त्यानं दिलं. वर काठीही दिली, शोभेल म्हणून.

थोड्या वेळानं कर्ण्यातून आवाज आला, की वेशभूषेचं पहिलं बक्षीस 'धनगरा'ला. सिद्रामप्पा एकटाच हसला. पण बक्षीस झालं, टाळ्या झाल्या, घोंगडं काही येईना. शेवटी तो उठून स्टेजकडं गेला.

"ते आत्ताच मागच्या वाटेनं गेले," निकिता म्हणाली. "पक्ष्याबरोबर फोटो काढायला. तुमच्या सासूचं नाव ठेवलंय सांगितलं, तर खूप हसले."

सिद्रामप्पा धावला. फाटक उघडं होतं. आत घोंगड्याच्या खांद्यावर नागम्मानं मान टाकली होती, अगदी नेहमीसारखी. सांगाडा तिचा गळा कुरवाळत होता. त्याच्या बोटात अंगठी नव्हती. नागम्माच्या विरळ पिसांच्या मानेतून एक हिरवा ठिपका लुकलुकत खाली सरकत होता. भोवतीची भुतं मोबाइल धरून हसत होती.

"मामा, सासूबाई लई प्रेमळ हाईत तुमच्या," सांगाडा म्हणाला.

सिद्रामप्पानं दोन्ही हातांनी मान धरून ठिपका वर रेटायला बघितलं. घोंगडं नसलेल्या त्या माणसाला नागम्मानं लाथ घातली. तो पडला, उठला, पुन्हा धरायला गेला. तोवर ठिपका पिसांत बुडाला होता.

नागम्मा तिसऱ्या दिवशी मेली. सिद्रामप्पा आता उंटाकडं असतो. घोंगडं लातूरच्या गाडीतून गेलं, ते परत आलं नाही.