उघड्या डोक्याने

माझे वडील, आबा, गेल्यानंतर वर्षभराने त्यांच्या नावाने धुळ्याच्या कोर्टातून वाहतुकीच्या केसची नोटीस आली. अमळनेरहून एसटीने मी तिथे गेले. कारकुनाने मोटारसायकलचा नंबर टाकून संगणक माझ्याकडे वळवला.

“विना हेल्मेट, ताई. फोटो बघा.”

फोटोत आबा उघड्या डोक्याने गाडी चालवत सरळ माझ्याकडे बघत होते. मागे हेल्मेट घालून मीच बसले होते. त्या दिवशी ते मला परीक्षेला सोडायला आले होते आणि घरात हेल्मेट एकच होतं.

“ते आता नाहीत,” मी म्हणाले.

“मग मृत्यूचा दाखला जोडा, केस बंद होईल.”

दाखला पिशवीत होता. मला तो काढवेना. “पुन्हा येते,” म्हणून मी बाहेर पडले, ती अजून गेलेली नाही.