बाईंनी आखलेलं जंगल

बोर्डवाल्या बाईंचा आवाज चढलेला आमच्या कारखान्यात कुणी ऐकला नाही. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता आणि गेटजवळच्या काचेच्या खोलीत टेलिफोनच्या बोर्डासमोर बाई बसायच्या. बाहेरगावचा ट्रंक कॉल लागला की साहेबसुद्धा खुर्चीतून उठून, मानेच्या शिरा ताणून ओरडायचे, असे ते दिवस. बाई मध्येच म्हणायच्या, ‘‘हळू बोला, ऐकू येतंय.’’ तरी समोरचा ओरडलाच, तर त्या आपला आवाज आणखी खाली न्यायच्या. मग त्यांचं ऐकू यावं म्हणून त्यालाच गप्प व्हावं लागायचं. मी स्वतः जन्माचा ओरड्या, त्यामुळे ही युक्ती माझ्यावर इतक्यांदा चालली की हिशेब नाही.

मी टूलरूममध्ये फिटर होतो. टूलरूम म्हणजे कारखान्याचे साचे जिथे घडवतात आणि दुरुस्त करतात तो विभाग. वर मी युनियनचा सेक्रेटरी. गेटवर उभा राहून बोललो की पार आतल्या प्रेसवाल्याला कळायचं, आज काय चाललंय ते. याचा मला फार गर्व होता. बाईंना त्याचं काही कौतुक नव्हतं. ‘‘जाधव, तुमचं भाषण संपलं की सांगा, मला फोन जोडायचेत,’’ असं त्या काचेच्या फटीतून म्हणायच्या.

पण त्या माणसांना किती जपतात, ते एकदा डोळ्यांनी पाहिलं. आमच्या एका माणसाची दोन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली. सगळ्या कारखान्यात आरडाओरडा सुरू झाला, माझा अर्थातच सर्वांत मोठा. बाईंनी आधी दवाखान्याला कळवलं, मग चामटोलीच्या किराणा दुकानाला फोन लावला, कारण त्याच्या घरी निरोप पोचवायचा तोच मार्ग. दुकानदाराला त्यांनी काय सांगितलं असेल? ‘‘त्याच्या बायकोला बोलवा. आधी स्टुलावर बसवा, पाणी द्या, आणि पाणी पिऊन झालं की मग फोन हातात द्या. तोवर तुम्ही काहीही बोलायचं नाही.’’ मी दारात उभा होतो. माझी बोंब आपोआप थांबली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्यावर संकट आलं. आमचे शेठ उल्हासनगरचे सिंधी. वडिलांनी फाळणीनंतर निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत एका लेथवर सुरू केलेला धंदा त्यांनी वाढवलेला. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे छोटे शेठ, बाहेरून शिकून आले आणि त्यांनी डोक्यात घेतलं की टूलरूम गुजरातेत हलवायची. आम्ही चाळीस माणसं. कुणी सोनिवलीचा, कुणी चामटोलीचा, घरचं भात लावून कामावर येणारा. गुजरातेत जाणार कोण आणि इथे राहून करणार काय? मी गेटवर रोज भाषणं ठोकत होतो. शेठ केबिनची खिडकी लावून घेत होते. महिनाभर हेच चाललं.

तशात छोट्या शेठना निर्णय घेण्यासाठी रिट्रीट हवं झालं. साहेब लोकांनी तीन दिवस निसर्गरम्य ठिकाणी जायचं, एकत्र राहायचं आणि कंपनीचं भविष्य ठरवायचं. जागा शोधायचं काम बाईंकडे आलं, कारण बाहेरगावचे फोन त्यांनाच लागायचे. छोट्या शेठच्या मनात खंडाळ्याचं हॉटेल होतं. बाईंनी ताडोबाचं जंगल काढलं. ‘‘राष्ट्रीय उद्यान आहे, वाघ आहे, तळं आहे. खंडाळ्याला काय, कुणीही जातं,’’ असं त्यांनी सांगितल्यावर छोटे शेठ खूश झाले.

मग बाई शेठच्या केबिनमध्ये गेल्या. त्या काय बोलल्या ते शेठनीच मला पुढे सांगितलं. ‘‘ज्यांच्याबद्दल ठरणार, त्यांच्यातले दोघे तरी तिथे हवेत. जीपमध्ये जागा आहे, मी विचारून घेतलंय.’’ शेठ शेवटी हो म्हणाले. अशा रीतीने युनियनचे आम्ही दोघे साहेबांच्या सहलीत घुसलो.

बाईंनी ती सहल ज्या बारकाईने आखली, त्या बारकाईने मी मुलीचं लग्नही आखलं नाही. विश्रामगृहात फोन नव्हता. वनखात्याच्या कचेरीत होता. तर बाईंनी विश्रामगृहाच्या खानसाम्याशी वार ठरवून घेतला. दर मंगळवारी अकरा वाजता तो सायकल मारत कचेरीत येऊन उभा राहायचा. रजया किती, न्हाणीघराची कडी लागते का, वरण आंबट करता की गोड, सगळं त्याला विचारून झालं. घोरतं कोण, हे त्यांनी साहेबांच्या बायकांना फोन करून विचारलं आणि त्याप्रमाणे खोल्या वाटल्या. माझ्या बायकोलाही शेजाऱ्यांच्या फोनवर बोलावलं. तिने खरं ते सांगितलं आणि मला व्हरांडा मिळाला.

निघायच्या आधी प्रत्येकाच्या हातात सूचनांचा कागद पडला. पांढरे कपडे नकोत. अत्तर नको. ट्रान्झिस्टर नको. आणि खाली रेघ मारून लिहिलेलं : जंगलात मोठ्याने बोलायला बंदी आहे. वाचून आम्ही हसलो. त्याखाली मचाणांवरच्या जोड्या होत्या. पहिल्या मचाणावर शेठ आणि मी. दुसऱ्यावर छोटे शेठ आणि युनियनचा आमचा दुसरा माणूस. तेव्हा मात्र मला हसू येईना. मी बाईंना म्हटलं, ‘‘तुम्हीपण चला की. एवढं सगळं तुम्ही केलंत.’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि बोर्ड काय तुमचे वडील बघणार?’’

पहिल्याच दिवशी दुपारी जंगलाच्या गार्डने छोट्या शेठना अत्तर धुऊन या म्हणून परत पाठवलं. शेठ आणि मी मचाणावर चढलो. खाली पाणवठा, एप्रिलचं ऊन, वाळलेला पाला. अंधार पडायच्या आत उतरायचं, तोवर तिथेच बसायचं. मी भाषण तयार ठेवलं होतं. ‘शेठजी, कामगारांच्या पोटावर पाय देऊन’ असं सुरू केलं, तर गार्डने खालून हात दाखवला. आवाज खाली आणून पुन्हा म्हणून पाहिलं आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं. घोषणा काही कुजबुजून देता येत नाही. मग भाषण सोडलं आणि आमच्या माणसांबद्दल साधं सांगत बसलो. कोण कुठून येतो, कुणाची आई अंथरुणाला खिळलीय, कोण डोळे झाकून साच्यातला केसाएवढा फरक ओळखतो.

शेठ कानाजवळ येऊन म्हणाले, ‘‘साईं, एक बात बता. साचे लेट क्यों होते हैं? पार्टी हाथ से जा रही है, इसीलिए तो लड़का बोलता है, गुजरात चलो.’’

मी म्हटलं, ‘‘ग्राइंडिंग मशीन वर्षभर बिघडलंय शेठ. गेटवर कितीदा सांगितलं.’’

‘‘गेट पे तू गाली देता है, बाबा. मैं खिड़की बंद करता हूँ. उसमें मशीन की बात थी?’’

होती. प्रत्येक भाषणात होती, पण शिव्यांच्या खाली दबलेली. खाली चितळांचा कळप पाण्यावर आला. आम्ही दोघे बघत बसलो. शेठ वडिलांच्या त्या पहिल्या लेथबद्दल सांगू लागले. वाघ काही आला नाही आणि खरं सांगतो, त्याची आठवणही झाली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात चहा पिताना ठरलं. नवीन ग्राइंडिंग मशीन शेठ आणणार, साचे वेळेवर द्यायची जबाबदारी आमची, आणि टूलरूम अंबरनाथलाच राहणार. छोट्या शेठनी कुरकुर केली, पण हात मिळवला. परत आलो तो मी थेट काचेच्या खोलीत गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. पदराने ते टिपून त्या म्हणाल्या, ‘‘रजया पुरल्या ना?’’

आम्ही शब्द पाळला. एकही साचा उशिरा गेला नाही. पुढे कारखान्याला मानाची कामं मिळाली ती टूलरूममुळे, आणि त्या टूलरूमचा मी माणूस, हे सांगताना आजही माझी छाती फुगते. पण त्यात अर्ध्याहून जास्त अभिमान बाईंचा असतो. एवढी मोठी गोष्ट करून कुणापुढे त्याचा उच्चार न करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

काही वर्षांनी आपोआप चालणारं टेलिफोनचं यंत्र आलं आणि बोर्डच निघाला. बाईंना घरी बसा म्हणून सांगण्यात आलं. मी तावातावाने केबिनकडे निघालो, तर त्यांनी वाटेत अडवलं. ‘‘माझं मी बोलते.’’ दहा मिनिटांनी बाहेर आल्या. मला वाटलं, नोकरी वाचवून आल्या. ‘‘नोकरी जातेय ती जातेय,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण नव्या यंत्राचे फोन फक्त साहेबांच्या टेबलावर देणार होते. तुमच्या घरून कुणी फोन केला तर उचलणार कोण? टूलरूमच्या दारात एक बसवून घेतलाय.’’ महिनाअखेरीला डबा आणि छत्री घेऊन त्या बदलापूरला घरी गेल्या. काचेची खोली दोन दिवसांत मोडली.

नंतरच्या सोमवारी टूलरूमच्या दारातला फोन पहिल्यांदा वाजला. चाळीसजण एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी मी उचलला. बाईच होत्या.

‘‘जाधव, हा नंबर सगळ्यांना घरी लिहून न्यायला सांगा.’’

‘‘सांगतो.’’

मग म्हणाल्या, ‘‘कामं चालू आहेत ना? जरा रिसीव्हर तिकडे धरा.’’

मी तार पुरेल तितका आत गेलो आणि रिसीव्हर मशीनांकडे धरला. ग्राइंडर चालू होता, लेथ चालू होते, कुणीतरी घणाने साचा ठोकत होतं. बाईंनी फोन ठेवला तरी मी तसाच धरून उभा होतो.