अर्ध्या वितीची वाट

माझ्या थोरल्या भावाला रेल्वेच्या मालयार्डात सगळे मिलिमीटर म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. कंटेनर वॅगनवर बोटभर जरी तिरका बसला तरी दादा तो पुन्हा उचलायला लावायचा, आणि क्रेनवाला वरच्या केबिनमधून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. घरीही तेच. मी पेला टेबलाच्या कडेला ठेवला की हा तो आत सरकवणार. आम्हा दोघांचीही लग्नं झाली नाहीत. त्याचं का झालं नाही असं कुणी विचारलं तर मी त्या पेल्याकडे बोट दाखवते. माझं का झालं नाही असं विचारलं तर तो माझ्या जिभेचं नाव घ्यायचा. हल्ली कशाचंच नाव घेत नाही.

दोन वर्षांपूर्वी मास्तर गेले, तेव्हापासून हे असं आहे. मास्तर म्हणजे दादाचे जोडीदार. आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद त्यांच्याकडे असायची, आणि कुणाच्याही चिठ्ठीतलं शुद्धलेखन ते लाल पेनानं सुधारायचे, म्हणून मास्तर. बावीस वर्षं दोघं एकाच डब्यातून जेवले.

वॅगनवर कंटेनर चार कोपऱ्यांना चार कुलपांनी धरलेला असतो. क्रेननं तो उचलण्याआधी खालच्या माणसानं भोवती फिरून चारही कुलपं उघडी आहेत का ते बघायचं, मग हात वर करून ओरडायचं, "मोकळं!" हे दादाचं काम होतं. त्या दिवशी दुपारी तो ओरडला, पण पलीकडच्या बाजूचं एक कुलूप अडकलेलंच होतं. क्रेननं कंटेनर उचलला, आणि त्याच्याबरोबर वॅगनही उचलली गेली. हातभर वर गेल्यावर कुलूप तुटलं आणि वॅगन पलीकडे कलंडली. पलीकडे मास्तर उभे होते.

चौकशी झाली. दादानं जबाब दिला की पलीकडे जायच्या वाटेवर भंगाराचा ढीग होता, त्यामुळे जाता आलं नाही. ती वाट मोकळी ठेवणं मास्तरांकडे होतं. म्हणजे हलगर्जी मास्तरांचीच, असं अहवालात आलं. मेलेल्या माणसावर ठपका ठेवला की बरं असतं, तो उलटून बोलत नाही. तेव्हा मात्र मला असलं काही सुचलं नव्हतं. मी अहवाल वाचला आणि विश्वास ठेवला. मिलिमीटर खोटं कशाला बोलेल?

निवृत्त झाल्यावर दादानं पुढच्या खोलीत प्लायवूड टाकलं आणि यार्ड बांधायला घेतलं. खऱ्यातल्या सत्त्याऐंशी फुटांचा इथे एक फूट. रूळ, क्रेन, वजनकाटा, पाण्याची टाकी, आमच्या सोफ्याच्या जागी सगळं यार्ड. पातळ पुठ्ठा कंगव्यावर दाबून तो कंटेनरच्या पत्र्याच्या पन्हळी उठवायचा. भंगारासाठी घड्याळजीकडून मेलेली घड्याळं आणली, पावडरचे डबे कातरले, बॉलपेनच्या स्प्रिंगा चेपल्या, आणि गंज चढावा म्हणून सगळं व्हिनेगरमध्ये भिजत घातलं, माझ्या चांगल्या पातेल्यात. मी खूप बोलले. पूर्वी असतं तर तोही बोलला असता. त्यानं पातेलं घासून जागेवर ठेवलं, बस्स.

तो रडला नाही, चिडला नाही, वाढलं ते जेवला. सुरुवातीला मला त्याची काळजी वाटायची. मग तीही वाटेनाशी झाली. माणसाच्या अंगाला अंग लावून राहिलं की बधिरपणाही लागतो बहुतेक. मी ऑफिसातून यायचे, दिवा लावायचे, यार्डावरची धूळ ब्रशनं झटकायचे. चार महिने खपून त्यानं तो भंगाराचा ढीग केला, तोच वाटेवरचा. इतका हुबेहूब की बघणाऱ्यांना हात कापेल अशी भीती वाटायची.

मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, अहवालाविरुद्ध अर्ज केला होता. सोमवारी शेवटची सुनावणी होती. कुणी साक्षीला उभं राहिलं नाही तर ठपका कायमचा राहणार होता. शनिवारी दुपारी त्या आमच्याकडे आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊजी, लोक म्हणतात तुमच्या यार्डात खिळासुद्धा जागचा हललेला नाही," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. "मला ढीग कुठे होता ते दाखवा."

दादा हातातला चिमटा तसाच धरून बसला.

"हे त्या दिवशी दुपारी डबा न्यायला घरी आले होते," वहिनी म्हणाल्या. "दोन्ही हातांवर ओरखडे. मी हळद लावायला गेले तर म्हणाले, राहू दे, वाट करून दिली एकदाची, सकाळपासून तेच करत होतो. हे मी चौकशीत सांगितलं. ते म्हणाले, बाई, तुम्ही त्यांच्या बायको आहात."

मला राग आला. माझ्या भावाला घरात येऊन खोटं ठरवायचं म्हणजे काय! "वहिनी, हा बघा ढीग," मी म्हटलं. "दादा डोळ्यांत तेल घालून काम करतो. जे नव्हतं ते तो करणारच नाही." आणि मी ढिगावर बोट टेकवलं.

ढीग सरकला.

त्या यार्डातली एकूण एक वस्तू चिकटवलेली आहे. रोज मीच धूळ झटकते, मला माहीत आहे. फक्त हा ढीग सुटा होता. मी तो उचलला. खाली वाट होती. करडी, दोन्ही कडांना पिवळे पट्टे, मधे तेलाचा डागसुद्धा रंगवलेला. ढिगाखाली जे कधीच कुणाला दिसणार नाही ते इतकं निगुतीनं कोण रंगवतं? मी ढीग हातात घेऊन तशीच उभी राहिले. मला लाज वाटली, आणि ती कुणाची वाटावी तेही कळेना.

"वाट होती," दादा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. "सकाळीच साफ झाली होती. मी गेलो नाही."

"का?" वहिनींनी विचारलं.

"जेवून आलो होतो. ऊन होतं. अलीकडची दोन बघितली, पलीकडची असतीलच उघडी असं धरलं."

"आणि नंतर?"

"नंतर घाबरलो."

वहिनींनी वाटेवर वीत धरून पाहिली. अर्धी वीतही भरली नाही.

"खरी किती होती?"

"अकरा पावलं."

त्यांनी मान हलवली, जणू बाजारात कुणी भाव सांगितला. त्या रडल्या नाहीत. मला वाटलं होतं त्या ओरडतील, यार्ड उधळून देतील. मी तर मनातून तशी तयारीही केली होती. त्यांनी पर्समधून कोरा कागद काढला आणि दादासमोर ठेवला. "लिहून द्या. आणि सोमवारी तोंडानंही सांगायला या."

दादानं लिहिलं. तारीख, वेळ, वॅगनचा क्रमांक, अकरा पावलं, सगळं. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला त्याची दया येत नव्हती. माझा भाऊ आहे, यायला हवी होती.

वहिनींनी कागद दोनदा वाचला, घडी करून ठेवला, आणि निघता निघता पुन्हा यार्डाकडे वळल्या. टाकीजवळ एक माणूस पाणी पीत होता. क्रेनच्या केबिनमध्ये एक होता. दोघे फाटकाशी उभे होते. त्या वाकून एकेकाला बघत राहिल्या.

"यात हे कुठे आहेत, भाऊजी?"

"केलेत," दादा म्हणाला. त्यानं खिशात हात घातला आणि नखाएवढा एक माणूस बाहेर काढला. निळा शर्ट, काखेत नोंदवही. खिशात राहून राहून रंग घासला गेला होता, चेहरा तर उरलाच नव्हता. "उभं कुठे करायचं, तेवढं जमत नाही."

वहिनींनी तो त्याच्या तळहातावरून उचलला. क्षणभर मुठीत धरला. मग पर्स उघडली, त्याला कागदाच्या घडीत नीट ठेवलं, आणि पर्स बंद केली.

"यांना मी घरी नेते," त्या म्हणाल्या.