बाबांनी रत्नागिरीला आणलेला कूलर

बाबा मला रत्नागिरीहून परत न्यायला आले ते कूलर घेऊन. टिनाचा, खसाच्या म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा, वर्ध्याकडच्या आमच्या सिंदी रेल्वे गावच्या वेल्डरकडून ठोकून घेतलेला. गाड्या बदलत, प्रत्येक स्टेशनावर हमालांशी भांडत त्यांनी तो आणला. न्यायला आलेल्या माणसानं कूलर कशाला आणायचा? तर म्हणे, "सुट्ट्या लागेपर्यंत पोरीनं भाजून निघावं काय?"

मी इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. बाबांनी वर्ध्याच्या एका कॉलेजात माझ्यासाठी बोलून ठेवलं होतं. त्यांचा एकच हेका, "आपलं कोन हाय तिथं?" आणि मला तर हे गाव सोडायचंच नव्हतं. पण तसं त्यांच्या तोंडावर सांगायची छाती होत नव्हती.

आम्ही सपाट मुलखातली माणसं. सिंदीच्या फलाटावर उभं राहिलं की गाडी केवढ्या लांबून दिसते! रत्नागिरीत शेजाऱ्याचं घरसुद्धा एकतर डोक्यावर, नाहीतर पायाखाली. भाजीला उतरत जायचं, धापा टाकत चढून यायचं. लाल जांभ्याचे गडगे, त्यावर वाकलेले माड, उन्हाळ्यात गल्लोगल्ली आंब्याच्या पेट्या ठोकल्याचा आवाज, आणि एखादं वळण घेतलं की समोर समुद्रच. लोक बोलतील तिरकं, पण जेवल्याशिवाय सोडणार नाहीत. पहिलं वर्ष मी रडून काढलं. नंतर जीव जडला, त्याला मी काय करू?

तर भर दुपारी बाबांनी कूलरात बादल्या ओतल्या, बटण दाबलं आणि मांडी घालून समोर बसले. थोड्या वेळानं चादर दमट, पापड मऊ, मिठाचं पाणी. भिंतीला हात लावला तर ओली. बाबांचा सदरा पाठीला चिकटला. तरी त्यांचं चालूच, "थांब ना, आता गार होते."

घरमालकीणकाकू वरून खाली आल्या. "अगो बाई! घरात पाऊस पाडलात की काय?"

"जय भीम, ताई," बाबा तोऱ्यात म्हणाले. "आमच्या इकडं कूलरबिगर मानूस जगत नाई."

"अहो, तुमच्याकडची हवा कोरडी. इथल्या हवेत आधीच घागरभर पाणी, त्यात तुमचं कशाला आणखी?" काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मलाही आवरेना. रसायनशास्त्र शिकवणारी मी, पण बाबांना अडवायचं मलाही सुचलं नव्हतं! बाबांचं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी काकूंनीच त्यांना मांडवीला पिटाळलं. जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला माणसानं. वारं अंगावर घेत वाळूत बसले, मग म्हणाले, "ह्याले रात्रीबी कोनी बंद नाई करत?"

त्यानंतर ते घरात सापडेनात. सकाळी उठले की मिरकरवाड्याच्या बंदरावर. तिथे वाळत घातलेले बोंबील पाहून धावत घरी आले. "अवं, आपल्या बाजारात येते तो बोंबील इथलाच असन!" कोळणींशी वऱ्हाडीतून भाव करायचे, त्यांच्या शिव्या खायचे, वर चहाही पिऊन यायचे. कोणी नागपूरवाले म्हटलं की मात्र भडकत. "सिंदी रेल्वेचा हाओ मी!"

निघायचा दिवस जवळ आला तशी माझी झोप उडाली. आज बोलू, उद्या बोलू. एका सकाळी मी स्वयंपाकघरात होते, तेवढ्यात बाहेर बाबांना आईचा फोन आला. तिनं पोरीचं सामान बांधलं का म्हणून विचारलं असणार.

"नाई आणून राह्यलो मी तिले," बाबा म्हणाले.

माझी पोळी तव्यावर जळत राहिली.

"काऊन म्हंजे? अवं, तिकडं तिले सारे माही पोरगी म्हणून ओयखतेत. इथं मी बाजारात गेलो का लोकं म्हणतेत, 'बसा बाबा, तुम्ही मॅडमचे वडील ना?' मासेवाली म्हणते, रिक्षावाला म्हणते." त्यांचा आवाज चढला, ते खुशीत असले की चढतो तसा. "साठी उलटली माही, पन मले असं कोनी ओयखलं नव्हतं. तूच ये इकडं. पाहून जाय, तूबी कोनाची माय हायेस ते."