मिलिंदचा मागला

मिलिंद गेल्याचा फोन आला, तेव्हा मी शिरूरच्या स्टँडबाहेर कंपनीच्या बसची वाट पाहत होतो. त्याची बहीण एवढंच म्हणाली, "दादा गेला रे." बस आली, बाकीचे चढले, मी तिथेच उभा राहिलो...

दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये मिलिंद, संजू आणि मी शेजारी वाढलो. मिलिंदच्या मामेभावाने पुण्याहून एक खेळ आणला होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं आणि घाव बसला की हुकला, ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. सांगणारा कायम मिलिंद. लोडशेडिंगच्या दुपारी त्यांच्या ओट्यावर बैठक बसायची. सुरुवातीला त्याचे राक्षस नेहमीचेच, तीन डोक्यांचे, आग ओकणारे. संजू शेंगा फोडत ऐकायचा. एकदा म्हणाला, "ह्याच्यापरीस आपलं गणिताचं सर भारी हायेत." हे मिलिंदला फार लागलं.

पुढच्या रविवारी त्याने मागला आणला. मागल्याला ना दात, ना नखं. तो नुसता मागून चालत येतो, दमत नाही, मरत नाही. जो सगळ्यात मागे पडेल त्याला घेतो आणि बाकीच्यांना सोडून देतो. संजूचा वीर तेव्हा नेमका पायाने जायबंदी होता. मी संजूकडे पाहिलं, संजूने माझ्याकडे. त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. मिलिंद खूश झाला. "राक्षसानं दात दाखवलं म्हंजी भ्या वाटत न्हाई. त्याच्यापायी तुम्ही एकमेकांकडं असं बघाया लागता ना, तवा वाटतं."

कॉलेजात असताना वरवंडला एका लग्नाला गेलो. हायवेवर उतरून चालत निघालो, तर मिलिंद मागे पडला. "व्हा पुढं, आलोच," म्हणाला. आम्ही थांबलो. मागल्याचं नाव तिघांपैकी कुणीच काढलं नाही. डॉक्टरांनी स्नायूंचा आजार सांगितला, औषध नाही म्हणाले. आधी काठी आली, मग खुर्ची, मग खाट. संजूला गुजरातेत नोकरी लागली. मी सुट्टीला शिरूरहून त्याच्याकडे जात राहिलो. त्या आजाराचा मला आजही संताप येतो.

शेवटच्या भेटीत त्याच्याने फासासुद्धा धरवत नव्हता. "आज तू सांग, मी खेळतो," म्हणाला. "मागला आण." मी सांगू लागलो. त्याचा वीर दमून लिंबाखाली बसला. मी घाईघाईने वाटेवर एक बैलगाडी आणली, त्याला उचलून न्यायला. मिलिंद भडकला.

"गाडी काढ ती! त्याला तूच भ्यायलास तर मी कशाला खेळू? सांग, कुठवर आलाय?"

"...बांधापर्यंत."

"आता कसं. टाक फासा, त्यो धरतोय का हुकतोय बघू."

मी फासा मुठीतच धरून ठेवला. तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. "पुढच्या सुट्टीला टाकू," मी म्हणालो. तो हसला. "बरं." ती सुट्टी यायच्या आत तो गेला.

जलदान विधीनंतर त्याच्या आईने फाशाचा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. "तूच ठिव रं बाबा." आता तो माझ्या खिडकीत आहे. झाडताना डबा जागचा हलवायचा नाही, असं मी बायकोला सांगून ठेवलंय. तिला हा वेडेपणा वाटतो, आणि असेलही. पण फासा अजून पडलेला नाही. मागला बांधापर्यंत आलाय, आणि मिलिंद लिंबाखाली बसलेला आहे.