पूर्ण वेगात

वडील रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचे. एमआयडीसीतल्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसखाली त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली आणि गिटार माझ्याकडे आली. त्या प्रेसला एकाच वेळी दाबायची दोन बटणं असतात, दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून. पण माल लवकर निघावा यासाठी सगळेच एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायचे. वडीलही.

मी हेवी मेटलचं एक भन्नाट वेगाचं गाणं बसवत होतो. महिना झाला तरी हात मागेच पडायचा.

"आधी हळू वाजव," वडील म्हणाले, "घाई करू नकोस."

मी वैतागलो होतो. "तुम्हाला काय कळतंय वेगातलं?"

त्यांनी डावा हात खिशात घातला.

ते गाणं आता मला पूर्ण वेगात येतं. घरी मी ते वाजवत नाही.